चाळीस रुपयांचे पाणी

महाड गावात वर्षातून दोनदा फार मोठी गर्दी होते, २० मार्चला आणि २५ डिसेंबरला. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून माणसे येतात, चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतात, क्रांतिस्तंभाला वंदन करतात, पुस्तकांच्या दुकानांपाशी रेंगाळतात आणि रात्रीच्या गाडीने परत जातात. जूनमध्ये रायगडाकडे जाणाऱ्यांची आणखी एक रीघ याच गावातून वर चढते. वृत्तपत्रांत छायाचित्रे येतात, पुढाऱ्यांची भाषणे छापून येतात. मग गाव पुन्हा आपल्या दुकानदारीकडे वळते. या साऱ्या धामधुमीत एक प्रश्न सहसा विचारला जात नाही: ज्या गावात हे घडले, त्या गावाचे काय? महाडचा इतिहास तेथे आलेल्यांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. गावात राहणाऱ्यांनी त्या दिवसांत काय केले, त्याआधी काय केले होते आणि पुढे काय केले, हा भाग दोन वाक्यांत उरकला जातो. गावाला स्वतःलाही ते सोयीचेच वाटत आले असावे.

वास्तविक महाड हे विचार करण्याजोगे गाव आहे. सावित्री आणि गांधारी या दोन नद्यांच्या संगमाशी, सह्याद्रीच्या पायथ्याला ते वसले आहे. समुद्र दूर आहे, पण भरतीचे पाणी सावित्रीतून आत चढते. बाणकोटच्या मुखातून आलेली गलबते या पाण्यावर दासगाव-महाडपर्यंत येत, आणि वरंध्याच्या घाटाने बैल भोर-पुण्याकडे चढत. समुद्राचा रस्ता जिथे संपतो आणि घाटाचा जिथे सुरू होतो, तिथे बाजारपेठ उभी राहणे अटळच असते. ही पेठ किती जुनी, याची साक्ष गावाबाहेरच्या गांधारपाले लेण्यांत सापडते. तिथल्या एका शिलालेखात लेण्याबरोबर दिलेल्या पाण्याच्या टाक्यांचाही उल्लेख आहे. वाटसरूला आणि भिक्षूला पाणी मिळावे म्हणून सुमारे अठराशे वर्षांपूर्वी कोणी कातळ खोदून ठेवला, ही गोष्ट महाडच्या पुढल्या कथेत सहज विसरण्याजोगी नाही. मराठेशाहीच्या उतरत्या काळात १७९६ साली नाना फडणीस पुण्याचे राजकारण महाडात बसून हलवीत होते. राजधानीचा गड जवळ असल्याने गावात कारकुनी पेशाची घराणी स्थिरावली, आणि बाजार असल्याने व्यापारी. खाडीकाठच्या गावांतले मुसलमान, भोई, कोळी, कुंभार, मराठे, कुणबी, चांभार, महार अशा सर्वांचे येणेजाणे या एका पेठेत होते. महाशिवरात्रीच्या सुमारास विरेश्वराचा छबिना निघतो, आसपासच्या गावांतल्या देवांच्या पालख्या भेटीला येतात, ढोलांच्या आवाजात रात्र जागते. कोकणातल्या अशा उत्सवात मानपान ठरलेला असतो. कोणाची पालखी आधी, नारळ कोणाचा, सनई कोणी वाजवायची आणि कोणी लांब उभे राहायचे, हे सारे लिहून न ठेवताही प्रत्येकाला पाठ असते. गावगाडा म्हणजे हेच पाठांतर.

त्या पाठांतरामागे जमीन होती. कुलाबा आणि रत्नागिरी या जिल्ह्यांत खोती होती. गावचा सारा खोत गोळा करी, आणि कुळाच्या घरातले भात, आंबा, फणस, प्रसंगी त्याचे श्रमही खोताच्या हिशेबात जात. महारांना वतनाच्या नावाखाली राबवले जाई. वतन म्हणावे तर चाकरी, आणि चाकरी म्हणावी तर पगार नाही. ज्यांना जमले ते मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत गेले. घरी मनिऑर्डर येऊ लागली. कोकणातल्या कित्येक गावांचे अर्थशास्त्र पुढे पन्नास-साठ वर्षे या मनिऑर्डरीवरच चालले.

आणखी एक वाट होती, लष्कराची. महाड, दापोली आणि आसपासच्या भागांतले कितीतरी महार कंपनीच्या आणि नंतर राणीच्या फलटणींत शिपाई झाले, काही सुभेदार झाले. तेथे त्यांनी अक्षरओळख करून घेतली, बंदूक धरली, देश पाहिला, आणि निवृत्त होऊन ज्या गावात परतले तेथे त्यांना विहिरीवरून हटकले गेले. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे असेच एक निवृत्त लष्करी गृहस्थ. १८८८ साली त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका लिहून शास्त्रीपंडितांना प्रश्न विचारले. पुढे महारांची लष्करभरती बंद झाली तेव्हा सरकारकडे अर्ज केला. १८९५ मध्ये महाडच्या तालुका बोर्डावर त्यांची नेमणूक झाली, तेव्हा त्यांच्याबरोबर बसावे लागणार म्हणून इतर सभासदांची झोप उडाली होती. म्हणजे १९२७ च्या आधी तीस-बत्तीस वर्षे हा प्रश्न महाडच्या कचेरीच्या दारात येऊन उभा होता. सत्याग्रह आकाशातून पडला नाही. पेन्शनरांच्या बैठकांतून, मनिऑर्डरीवर शिकलेल्या मुलांतून तो वाढत आला होता. रामचंद्र बाबाजी मोरे हे अशा मुलांपैकी एक. महाडच्या इंग्रजी शाळेत प्रवेश मिळवण्यासाठी त्यांना लहानपणीच झगडावे लागले. तरुणपणी त्यांच्यासारख्या कार्यकर्त्यांना रोज दिसत होते, की डोंगरातून मोळ्या घेऊन बाजाराला आलेल्या आपल्या माणसांना दिवसभर या पेठेत पाण्याचा घोट मिळत नाही. पुढे मोरे कम्युनिस्ट झाले. परिषद महाडला भरवण्याच्या खटपटीत त्यांचा मोठा वाटा होता.

आता नगरपालिकेकडे वळू. महाडला १८६० च्या दशकापासून नगरपालिका आहे. एवढ्या लहान गावाच्या मानाने ही भूषणाची गोष्ट. मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी ४ ऑगस्ट १९२३ रोजी ठराव संमत करून घेतला, की सरकारी पैशाने बांधलेले किंवा सरकारच्या अथवा स्थानिक संस्थांच्या ताब्यातले पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. सरकारने स्थानिक संस्थांना तसे कळवले. पुष्कळ नगरपालिकांनी ते पत्र बासनात बांधून ठेवले. महाडने मात्र जानेवारी १९२४ मध्ये ठराव करून चवदार तळे सर्वांना खुले असल्याचे जाहीर केले. या कामी सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारख्या सुधारकाचा पुढाकार होता, आणि त्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

परंतु पुढल्या तीन वर्षांत तळ्याच्या काठी काय बदलले? काहीही नाही. तळे चार-पाच एकरांचे. चहूबाजूंनी दगडी बांध, भोवती रस्ते, आणि रस्त्यापलीकडे सवर्णांची घरे. मुसलमान तेथे पाणी भरीत, जनावरे पाणी पीत. ज्यांच्या नावाने ठराव झाला होता, त्यांच्यापैकी कोणी त्या घरांच्या खिडक्यांसमोरून पायऱ्या उतरण्यास धजत नव्हता, आणि नगरपालिकेने त्यांना हात धरून तेथे नेले नव्हते. कोणी पाणी घ्यायला येत नाही तोवर ठराव स्वस्त असतो. कायदेमंडळालाही हे उमगले असावे, कारण ऑगस्ट १९२६ मध्ये बोल्यांना पुन्हा दुसरा ठराव आणावा लागला, की ज्या संस्था अंमल करणार नाहीत त्यांचे अनुदान थांबवावे. त्या काळी नगरपालिकेचा मतदार म्हणजे घरपट्टी भरणारा, मालमत्ता असणारा माणूस. तळ्याचे पाणी ज्यांना हवे होते, त्यांतल्या बहुतेकांना मतच नव्हते. ज्यांचे घर तळ्याकाठी, त्यांचेच मत पेटीत. ठरावाच्या भवितव्याचा विचार करताना हा साधा हिशेब नजरेआड करून चालत नाही.

१९ आणि २० मार्च १९२७ ला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडात भरली. हजारो माणसे आली, त्यांत पंधरा-सोळा वर्षांची पोरे होती आणि सत्तरीतले पेन्शनर होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष. या परिषदेच्या हकीकतीत एक बारीकसा तपशील आहे, त्याच्याकडे फारसे कोणी थांबत नाही. प्रतिनिधींना प्यायला पाणी मिळावे म्हणून संयोजकांना चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. गावात चार-पाच एकरांचे सार्वजनिक तळे, ते सर्वांना खुले असल्याचा नगरपालिकेचा तीन वर्षांपूर्वीचा ठराव, आणि मंडपात विकतचे पाणी! चाळीस रुपये ही तेव्हा गिरणीकामगाराच्या महिन्याच्या कमाईच्या तोडीची रक्कम. सार्वजनिक मालमत्ता आणि सार्वजनिक वापर यांमधले अंतर पैशात मोजायचे झाले, तर महाडने ते मोजून दाखवले आहे.

दुसऱ्या दिवशी सभा संपत आली असता अनंतराव चित्रे यांनी सूचना केली की आता तळ्यावर जावे. मिरवणूक निघाली आणि चवदार तळ्याचे पाणी प्याली. दोन-अडीच तासांत गावात आवई उठली की आता हे लोक विरेश्वराच्या देवळात शिरणार. लाठ्या निघाल्या. जेवत असलेल्या, परतीच्या वाटेला लागलेल्या माणसांना मंडपात आणि रस्त्यात गाठून मारले गेले. काहींनी मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला. प्रतिनिधींमध्ये लढाया पाहिलेले शिपाई होते. अध्यक्षांचा एक शब्द बस झाला असता. तो शब्द त्यांनी दिला नाही, आणि म्हणून त्या दिवशी महाडात प्रेते पडली नाहीत. नंतर तळे ‘शुद्ध’ करण्यात आले. एकशे आठ घागरी पाणी उपसून त्यात पंचगव्य ओतले गेले, मंत्र म्हटले गेले. आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी, बोल्यांच्या ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, महाडच्या नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला.

दंगल जमाव करतो आणि जमावाला चेहरा नसतो, असे म्हणून सुटका करून घेता येते. ठराव रद्द करणे ही मात्र जमावाची कृती नव्हे. विषयपत्रिका निघते, सूचना मांडली जाते, अनुमोदन मिळते, हात वर होतात, कार्यवृत्तावर सही होते. हे करणारी माणसे गुंड नव्हती. ती कुणाची वडीलधारी, कुणाचे सावकार, शाळेच्या समितीवरले, छबिन्यात पुढे चालणारे अशी भली गृहस्थ मंडळी होती. महाडच्या कथेतला सर्वांत अस्वस्थ करणारा क्षण पंचगव्याचा नव्हे, या सभेचा आहे. अंधश्रद्धेला हसता येते, कार्यवृत्ताला हसता येत नाही.

डिसेंबरमधली परिषद भरवायला सवर्णांपैकी कोणी जागा देईना. ती फत्तेखान नावाच्या एका मुसलमान गृहस्थाने दिली. आंबेडकर बोटीने दासगावला उतरून पायी महाडात आले. २५ तारखेला मनुस्मृती जाळण्यात आली. तो ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. त्यापूर्वीच गावातल्या काही मंडळींनी न्यायालयात दावा लावून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला होता. तळे खाजगी आहे आणि अस्पृश्यांनी ते न वापरण्याची अनादी रूढी आहे, असे त्यांचे म्हणणे. जिल्हाधिकाऱ्याने सभेत येऊन थांबण्याची विनंती केली. सत्याग्रहाला आसुसलेल्या हजारोंना आंबेडकरांनी आवरले, आणि मंडळी तळ्याभोवती शांतपणे मिरवणूक काढून मागे फिरली. खटला चालला तो जवळपास दहा वर्षे. महाडच्या न्यायालयात वादी हरले, ठाण्याला हरले, तरी उच्च न्यायालयात गेले. १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि वाडिया यांनी त्यांचे अपील फेटाळले. हे तेच ब्रूमफील्ड, ज्यांनी १९२२ साली अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावली होती. तळे नगरपालिकेचे आहे आणि सांगितली जाणारी रूढी शाबीत झालेली नाही, असा निर्णय झाला. पहिल्या ओंजळीला दहा वर्षे पुरी व्हायला तीन दिवस बाकी होते.

सगळे महाड एका बाजूला होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. टिपणीस, चित्रे हे याच समाजातले. दोघेही १९३७ मध्ये आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे कायदेमंडळात निवडून आले, आणि त्याच वर्षी आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातला शेतकरी त्यासाठी मुंबईवर मोर्चा घेऊन गेला. त्या मोर्चात कुळे होती, त्यांत कुणबी, आगरी, महार असा भेद शोधण्याची कोणाला सवड नव्हती. तळ्याचा लढा आणि जमिनीचा लढा हे दोन लढे नव्हेत, हे त्या पिढीतल्या कार्यकर्त्यांना कळले होते. पुढे हे धागे सुटे झाले, त्याची किंमत दोन्ही चळवळींनी मोजली. खोती कायद्याने गेली ती १९४९ मध्ये. १० सप्टेंबर १९४२ रोजी नाना पुरोहित यांच्या नेतृत्वाखाली महाडच्या कचेरीवर मोर्चा आला, गोळीबार झाला, कमलाकर दांडेकर, वसंत दाते यांच्यासारखे तरुण पडले. म्हणजे या गावाने आपली मुले देशासाठी दिली आहेत. ज्या गावाला इंग्रजांपासूनचे स्वातंत्र्य एवढे प्रिय होते, त्याला पंधरा वर्षांपूर्वी शेजाऱ्याची तहान का कळली नाही, या प्रश्नाचे उत्तर महाडपुरते मर्यादित नाही.

आज तळ्याच्या पाण्याला कोणी मज्जाव करीत नाही. बाबासाहेबांचा पुतळा तेथे उभा आहे. पण गावाचे पाणी म्हणजे केवळ तळे नव्हे. महाडजवळ औद्योगिक वसाहत आली, रासायनिक कारखाने आले. मुंबईची मनिऑर्डर १९८२ च्या गिरणी संपानंतर आटत चालली असताना येथे काम मिळू लागले, हे नाकारता येणार नाही. त्याच कारखान्यांचे सांडपाणी सावित्रीच्या खाडीत जाते, आणि मासे गेले हे खाडीकाठचे भोई-कोळी वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. ही वसाहत नगरपालिकेच्या हद्दीबाहेर. परवाने मुंबईला, तपासणी दुसऱ्या मंडळाकडे, नुकसान खाडीकाठाला. १९२७ साली तळे कोणाचे, हे निदान न्यायालयात ठरवता आले. नदी कोणाची, हे विचारायला कोळ्याने कोणत्या दारी जावे?

पुराचेही तेच. २५ जुलै २००५ च्या रात्री दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या, तालुक्यात दीडशेहून अधिक माणसे गेली. २ ऑगस्ट २०१६ ला सावित्रीवरचा इंग्रजी अमदानीतला पूल रात्री वाहून गेला आणि त्याबरोबर एस. टी. च्या दोन गाड्या. २२ जुलै २०२१ ला महाडची पेठ पाण्यात बुडाली, आणि त्याच दिवशी तळिये गावावर डोंगर आला, ऐंशीहून अधिक जीव गाडले गेले. महामार्गावरचा नवा पूल वर्षाच्या आत उभा राहिला. तळियेच्या लोकांनी मात्र काही पावसाळे पत्र्याच्या कंटेनरांत काढले. पुलावरून कोण जाते आणि दरडीखाली कोण राहते, एवढा फरक या दोन कामांच्या वेगाची उकल करायला पुरेसा आहे. नद्यांच्या पात्रातला गाळ काढा, खाडीच्या तोंडचे भराव आणि बेटे पाणी अडवतात, असे महाडकर कंठशोष करून सांगतात. पूर येतो तेव्हा बाहेरून पिण्याच्या पाण्याचे टँकर येतात. चहूकडे पाणी आणि प्यायला बाहेरचे, हा प्रसंग या गावाला नवा नाही, फक्त तहानलेले आता सर्व जातींचे असतात.

यावर गावाने आपल्या सभागृहात बोलावे, तर सभागृहच नव्हते. २०१६ साली निवडलेल्या नगरसेवकांची मुदत संपल्यावर राज्यातल्या इतर अनेक नगरपरिषदांप्रमाणे येथेही प्रशासक बसला, आणि निवडणुका लांबत २०२५ च्या अखेरीपर्यंत गेल्या. पुरानंतरची सावरण्याची वर्षे, गाळाचा, घरांचा, रस्त्यांचा सारा कारभार लोकांनी न निवडलेल्या हातांनी झाला. घरपट्टीवाल्यांच्या मतावर चालणाऱ्या सभागृहाने १९२७ मध्ये चुकीचा ठराव केला, हे खरे. पण त्याला जाब विचारता येत होता, त्याच्या दारात परिषद भरवता येत होती. प्रशासकाच्या सहीला कोणत्या तळ्यावर नेऊन उभे करणार?

मार्च २०२७ हा सत्याग्रहाच्या शताब्दीचा महिना. शासनाचा निधी, रोषणाई, कमानी, पाहुण्यांची यादी यांना तोटा पडणार नाही. गावाच्या नगरपरिषदेला स्वतःहून काही करायचे असेल, तर दोन कामे फारशा खर्चाची नाहीत. पहिले, तळ्याच्या आणि सावित्रीच्या पाण्याची तपासणी दरमहा करून तिचे आकडे तळ्याच्या काठीच फळ्यावर लावावेत, मराठीत, मोठ्या अक्षरात, येणाऱ्या प्रत्येकाला वाचता येतील असे. दुसरे, जानेवारी १९२४ च्या ठरावाची प्रत काचेत लावून अभिमानाने मिरवावी, तो अधिकार महाडला आहे. मात्र तिच्याशेजारी, तेवढ्याच आकाराच्या चौकटीत, ४ ऑगस्ट १९२७ च्या ठरावाचीही प्रत लावावी.